गरम होता

त्या दिवशी माझ्या पिशवीत चौदा वाक्यांचा मसुदा होता आणि माण तालुक्यातल्या एका गावात दोन घरं गाठायची होती. मूळ प्रश्नावली स्नेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, इंग्रजी, १९९५ साली प्रसिद्ध झालेली. आम्ही ती मराठीत आणत होतो.

तिच्यात सुख मोजतात. नेमकं म्हणायचं तर सुख घेण्याची माणसाची ताकद शाबूत आहे की आटली आहे, ते बघतात. नैराश्यात ती आटते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८९६ मध्ये त्या अवस्थेला ‘अ‍ॅनहिडोनिया’ असं नाव दिलं. आपल्याकडे आजारी माणूस असा कुठला शब्द घेऊन येत नाही. तो म्हणतो, कशात जीव लागत नाही, करमत नाही.

गुण द्यायची रीत सोपी आहे. गेल्या काही दिवसांचा विचार करून प्रत्येक वाक्याला सहमत की असहमत ते सांगायचं. असहमतीला एक गुण, सहमतीला शून्य. बेरीज तीन किंवा त्याहून जास्त झाली की काहीतरी बिघडलंय असं धरतात. आम्हाला मात्र अजून आकडे गोळा करायचे नव्हते. वाक्य ऐकल्यावर माणसाच्या मनात काय येतं, एवढंच विचारायचं होतं.

पहिल्या घरी सत्तरीच्या आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी वाचलं, ‘लख्ख उन्हाचा दिवस, मैत्रिणीचा फोन अशा लहानसहान गोष्टींत छान वाटेल.’

“उन्हाचं काय सुख गं पोरी? आभाळ भरून आलं की बरं वाटतंय.”

माण म्हणजे पर्जन्यछायेतला दुष्काळी मुलूख. उन्हाची वाट बघणारं वाक्य इंग्लंडातल्या ढगाळ हवेत सुचलेलं असणार, हे मला मसुदा करताना टेबलाशी बसून कळायला हवं होतं.

आणखी एक वाक्य फुलांच्या, समुद्रावरच्या वाऱ्याच्या किंवा ताज्या भाजलेल्या पावाच्या वासाचं. समुद्र आजींनी पाहिलेला नाही. पाव आणणारा सायकलवाला येतो तेव्हा त्याला भाजल्याचा वास उरलेला नसतो. आणि फुलं? “देवाची फुलं हुंगत न्हाईत.” मी असहमतीवर खूण केली. वर्तमानपत्र वाचण्यातली मजा, तर त्यांना वाचता येत नाही. नीटनेटकं नटण्यातलं समाधान, तर “मालक गेल्यावर कसलं नटणं?” सुखाची गरम अंघोळ, तर पाणी टँकरचं. बेरीज झाली पाच.

कागदाच्या हिशेबानं या बाईंची सुख घेण्याची ताकद आटलेली. आणि त्या माझा हात धरून मला गोठ्यात घेऊन गेल्या, शेळीला पहाटे झालेली दोन करडं दाखवायला. एक करडू त्यांच्या पदराचं टोक चोखत होतं आणि आजी इतक्या हसत होत्या की त्यांना बोलता येईना.

प्रश्नावली करणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. वय, खाणंपिणं, देश यांनी फार फरक पडणार नाही अशीच वाक्यं निवडण्याचा त्यांचा प्रयत्न होता. म्हणून तर त्यात चहा आहे, आवडीचं जेवण आहे, हसरे चेहरे आहेत. तरीही उन्हानं घोटाळा केलाच.

दुसऱ्या घरी पंचविशीतली सून होती, आठ महिन्यांचं बाळ मांडीवर. शेजारी सासूबाई. सून चौदाही वाक्यांना “व्हय” म्हणाली. न अडखळता, न थांबता. बेरीज शून्य, म्हणजे निरोगी.

मला ते “व्हय” खटकलं. इंग्रजी वाक्यं सगळी ‘असं झालं तर मला आवडेल’ अशा घाटाची आहेत. मराठीत ‘आवडेल का?’ असं परक्या माणसानं विचारलं की घरची रीत सांभाळणारी बाई ‘आवडेल की’ म्हणते. तसं म्हणणं हे पाहुण्याला पाणी देण्यासारखं असतं. म्हणून मी कागद उलटा ठेवला.

“ताई, सकाळचा चहा कसा लागला?”

तिनं थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. “गरम होता.”

मी काही बोलले नाही. सासूबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्यावर विचारलं, “शेवटचं जेवण गोड लागलं ते कधी?”

ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बारशाला पुरणपोळी केलती. समदी म्हनली झकास झालीया. मला माती खाल्ल्यागत लागली. तवापासनं तसंच.”

पुढचं काम संशोधनाचं नव्हतं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारलं. तसा विचार नव्हता, पण झोप नव्हती आणि बाळ रडलं तरी उठावंसं वाटत नव्हतं. तिच्या परवानगीनं सासूबाईंना आत बोलावलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं अशक्तपना हाय, म्हनून डिंकाचं लाडू केलं.” त्या रडायला लागल्या आणि सून त्यांना “आत्या, रडू नगा” म्हणत राहिली. आशाताईंसोबत दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सासूबाईंनी घरातल्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतला. सुनेचे उपचार आता सुरू आहेत.

परतीच्या एसटीत मी मसुद्याच्या मागे लिहिलं, ‘गेल्या चार दिवसांत जेवण गोड लागलं का?’ अर्थ टिकलाय का ते पडताळायला, नियमाप्रमाणे ते वाक्य, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या एका भाषांतरकाराकडे परत इंग्रजीत करायला गेलं. तिकडून आलं ते असं की, तुमचं जेवण चवीला गोड होतं का? बैठकीत एकांनी ते मधुमेहाचा प्रश्न वाटतो म्हणून खोडलं. दुसऱ्यांचा मुद्दा जास्त वजनदार होता. वाक्यं अशी बदलत गेलो तर आपले आकडे इंग्लंडच्या आकड्यांशेजारी ठेवता येणार नाहीत. हे खरं आहे. पण आजींचे पाच आणि सुनेचं शून्य एकमेकांशेजारी ठेवून आपण कशाची तुलना करतो आहोत, याचं उत्तर मला त्यांच्याकडून हवं होतं.

निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या बैठकीला मी ते दोन कागद नावं झाकून घेऊन जाणार आहे. शून्याच्या कागदावर चहाच्या वाक्यापुढे मी पेन्सिलीनं तिचे दोन शब्द लिहून ठेवले आहेत.