गॅदरिंग नसलेला नाचाचा क्लास

नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुकान मुळात ड्रेपरीचं, म्हणजे नाच-नाटकाचे पोशाख भाड्याने देण्याचं, सासऱ्यांनी सुरू केलेलं. कृष्णाचे मुकुट, कोळणीची लुगडी, मावळ्यांचे अंगरखे, लेझीम, फेटे. शिवाजी महाराजांची दाढी तर तीन मापांत. या धंद्याला हंगाम असतो. जन्माष्टमी, 15 ऑगस्ट, नवरात्र, मग डिसेंबरपासून 26 जानेवारीपर्यंत शाळांची गॅदरिंग. बाकीचे महिने कपडे धुवा, निघालेल्या टिकल्या लावा, डांबरगोळ्या टाका आणि वाट पाहा. दुकानावरचा हॉल फिटिंगसाठी होता, तोही तेवढे महिने रिकामाच.

माप द्यायला मुलांसोबत आया यायच्या. पोरीला नऊवारी नेसवून होईस्तोवर आई आरशासमोर एखादी गिरकी घेऊन बघायची, आणि आमचं लक्ष गेलं की लाजून म्हणायची, "आम्हाला कोणी शिकवलंच नाही ना हो." हे मी इतक्या जणींकडून ऐकलं की मला ती गिऱ्हाइकाची मागणी वाटायला लागली. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "पैसे देऊन नाचाले येतील बायका? काहून?" पण हॉल दिला. जवळच्याच वाड्यात कथक शिकवून निवृत्त झालेल्या एक ताई राहत होत्या, त्या हो म्हणाल्या आणि क्लास सुरू झाला.

पहिला निर्णय आमच्याच गल्ल्याच्या विरोधात होता: या क्लासचं गॅदरिंग होणार नाही. लहान मुलांच्या क्लासचं गणित मला दुकानातून दिसतंच. वार्षिक कार्यक्रम, त्याची वेगळी फी, ड्रेस, मेकअप, प्रवेशिका. आम्हाला तर क्लासही आपला आणि ड्रेपरीही आपली, दोन्हीकडून मिळकत झाली असती. पण चौकशीला येणारी प्रत्येक बाई फीच्या आधी एकच विचारायची, "स्टेजवर तर नाही ना जावं लागत?" मोठ्या माणसाला पाय चुकण्याची भीती नसते, चुकताना कोणी बघेल याची असते. म्हणून फिटिंगच्या आरशावर आम्ही नाटकाचा जुना जंगलाचा पडदा सोडला. शिकवायला आरसा लागतो हे ताईंचं म्हणणं रास्तच होतं. तडजोड अशी निघाली की पहिले काही महिने पडदा, मग ज्यांना हवं त्यांच्यासाठी आरसा. पाटीवर "गॅदरिंग नाही" हे ठळक अक्षरांत लिहिलं. आजही नवीन माणूस ती ओळ वाचूनच जिना चढतो.

दुसरा खर्च जमिनीवर झाला, आणि तो सगळ्यात मोठा. हॉलला शहाबादी फरशी होती. दहा वर्षांचं पोर फरशीवर आपटून नाचेल, पन्नाशीच्या गुडघ्याला आणि टाचेला ते महागात पडतं. फरशी धक्का जिरवत नाही, तो परत पायात येतो. सुताराकडून रबराच्या तुकड्यांवर लाकडी चौकट आणि वर जाड प्लाय असं बसवून घेतलं. त्या रकमेत भरजरी शालूंचा नवा सेट आला असता, हे सासऱ्यांनी बराच काळ ऐकवलं. नंतर तेच संध्याकाळी त्या प्लायवर फेऱ्या मारायला लागले.

नागपूरचा मे महिना हा क्लासवाल्यांचा वेगळाच विषय. पारा 45 च्या पुढे गेला की गच्चीखालच्या हॉलमध्ये दुपारी उभं राहवत नाही, मग तत्काराचं, म्हणजे कथकातल्या पायांच्या ठेक्याचं, नावच नको. एप्रिल ते जून सगळ्या बॅचेस सकाळी सहाला. कूलर एका कोपऱ्यात, नाचायच्या जागेपासून लांब, कारण उडालेल्या थेंबावर पाय घसरतो. पावसाळ्यात कूलर उपयोगाचा नाही, तेव्हा पंखे आणि घाम.

शिकवण्याची पद्धत ताईंनी हळूहळू बदलत नेली. वयस्क माणसाला लहान मुलांचाच अभ्यासक्रम सावकाश शिकवून भागत नाही. आधी पाव तास नुसतं अंग मोकळं करणं. चक्कर, म्हणजे कथकातली गिरकी, सुरुवातीला नाहीच. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम फिरलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. घुंगरू उशिरा, कारण ते वजन घोट्यावर येतं. प्रवेशाच्या कागदावर बीपी, साखर, गुडघ्याचं ऑपरेशन आणि घरच्यांचा फोन विचारतो. कथक अनवाणी करतात हे खरं, पण मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना आम्ही मऊ कापडी बूट घालायला लावतो. त्यांना काही टोचलं तरी कळत नाही आणि जखम चिघळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही. टेबलावर ग्लुकोजची बिस्किटं असतात, ती साखरेचा त्रास नसलेली मंडळीच जास्त संपवतात.

फायदे काय, हे लोक विचारतात तेव्हा मी वजनाचं आश्वासन देत नाही. शनिवारी सावजी आणि रविवारी सकाळी तर्री-पोहे हा नेम चालू असेल तर आमच्या एका तासाचं काही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला. पासष्टीच्या पुढच्यांनी त्यासोबत आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात असंही सांगितलं. आमचा क्लास आठवड्यातून तीन तास भरतो, त्यातून अंग मोकळं करणं आणि गप्पा वजा करा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की श्रम मध्यम समजायचे. ही कसोटी आमच्याकडे रोज होते, कारण बोलणं थांबतच नाही.

तोलाचा फरक मला सगळ्यात आधी जिन्याखाली दिसला. एका काकू सुरुवातीला भिंतीला हात टेकून चप्पल घालायच्या. काही महिन्यांनी एका पायावर उभ्या राहून, कोणाशी तरी भांडत, दुसऱ्या पायात चप्पल सरकवत होत्या. त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं.

डोक्याचं काम तर कथकात आहेच. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा-डावा पाय, हाताची दिशा आणि तीनतालाच्या सोळा मात्रा मोजून समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, येणं, हे सगळं एकाच वेळी. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या 469 जणांवर काही वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक छंदांपैकी स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी संबंध दिसला तो फक्त नाचाचा. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणं यांचाही दिसला, पण ते बैठे छंद. एक डॉक्टर गिऱ्हाईक लगेच म्हणाले की नाचल्यामुळे डोकं शाबूत राहिलं की शाबूत होतं म्हणून नाचत होते, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. त्यांचं बरोबर आहे, म्हणून हे मी जाहिरातीत घालत नाही. ते स्वतः मात्र क्लास चुकवत नाहीत.

पुरुष कसे आले ते सांगायलाच हवं. लग्नातल्या संगीतामुळे. मुलीचे बाबा, मुलाचे मामा, तोंड पाडून जिना चढायचे: "फक्त एक गाणं बसवून द्या." हॉलचं वीजबिल आजही याच बॅचेस भरतात. लग्न उरकल्यावर काही जण तसेच थांबले. त्यातले एक काकाजी भंडाऱ्याकडचे. तरुणपणी गावात दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडार हा तिकडचा लोकनाच नाचलेले. पहिल्याच दिवशी त्यांच्या पायांनी बाकीच्यांना गार केलं. "शिकलो नाही कुठं, आमच्याकडे समदे नाचत," म्हणाले. ताईंनी त्यांच्याकडून दोन पावलं उचलून बॅचला शिकवली. झाडीपट्टीच्या, म्हणजे त्या पूर्व विदर्भातल्या, माणसाला नाचायला कारण लागत नाही, आम्हा शहरवाल्यांना लग्नपत्रिका लागते.

मार्च 2020 नंतर शाळा बंद, म्हणजे ड्रेपरी बंद. सलग दोन हंगाम मुकुट पेटीबाहेर निघाले नाहीत. फोनवरून क्लास घेतला. आवाज प्रत्येकीकडे वेगळ्या वेळी पोचायचा, एकत्र समेवर येणं अशक्य. मग सगळ्यांचे माइक बंद, ताई एकट्या मात्रा म्हणणार आणि प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघरात नाचायचं. 2021 मध्ये 15 ते 21 मार्च शहरात पुन्हा लॉकडाऊन लागला, तोवर सत्तरीच्या काकू मला स्क्रीन शेअर करायला शिकवत होत्या. त्या काळात दुकानाच्या पोराचा पगार क्लासच्या फीमधून निघाला. सासऱ्यांनी तेव्हापासून "काहून" विचारणं सोडलं.

"झुंबा शिकवता का?" हा प्रश्न अजून येतो. ते एका कंपनीचं नाव आहे, त्याचं रीतसर प्रशिक्षण घेऊनच शिकवता येतं. आम्ही घेतलेलं नाही, त्यामुळे पाटीवर लिहीत नाही. फी आम्ही महिन्यावर घेत नाही, तासांचं कार्ड देतो. मुलांच्या परीक्षा, सासूचं ऑपरेशन, गावची शेती, असं मोठ्या माणसाचं काही ना काही निघतंच. महिन्याची फी वाया गेली की माणूस रागाने कायमचा जातो. कार्डवर तास उरले असतील तर परत येतो.

आता अडलंय ते जिन्यावर. तोलाची सर्वात जास्त गरज ज्यांना आहे त्यांनाच आमच्याकडे चढता येत नाही. म्हणून अदलाबदल ठरवली आहे: ड्रेपरी वर, नाच खाली. प्लायची चौकट तुकड्यांत उघडते, सुताराने माप घेऊन ठेवलं आहे. यंदाचं 26 जानेवारीचं सामान परत आलं की काम सुरू. गुडघे बदललेल्यांसाठी खुर्चीवर बसून करायची बॅच मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला असेल. खुर्च्या मंडपवाल्याकडून घेणार होतो, पण प्लास्टिकची खुर्ची मागे रेलताच सरकते. लोखंडी, बिनहाताच्या, रबरी बुडाच्या बनवायला टाकल्या आहेत.