पॅटागोनियातल्या वेल्श वसाहतीचा इतिहास जुळवताना : माझा अनुभव

आमच्या वेल्श भाषेच्या वर्गाचा एक नियम आहे. वर्ष संपायच्या आत प्रत्येकाने दहा मिनिटं वेल्शमधून बोलायचं, विषय आपला आपण निवडायचा. मी वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, लेकीकडे राहतो. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मी अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पॅटागोनिया मुलखातली, चुबुत नदीकाठची वेल्श वसाहत घेतली.

सगळ्यांच्या तोंडी असलेला भाग पटकन सांगतो. शाळेत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवायचे ते दिवस. आपली माणसं परमुलखात गेली की दोन पिढ्यांत इंग्रज होतात, तेव्हा एखाद्या लांबच्या, रिकाम्या मुलखात एकत्र राहावं, असं बाला गावचे धर्मोपदेशक मायकेल डी. जोन्स यांच्या मनाने घेतलं. २८ मे १८६५ला 'मिमोझा' जहाज दीडशेच्या आसपास माणसं घेऊन लिव्हरपूलहून निघालं आणि २८ जुलैला आजच्या प्वेर्तो माद्रिनच्या किनाऱ्याला लागलं. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे वांधे, आणि चुबुतचं खोरं तिथून साठ-पासष्ट किलोमीटर.

ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९पर्यंतची जुनी वेल्श वृत्तपत्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, त्यामुळे वाचायला तोटा नव्हता. शोधताना मात्र घाम फुटतो. वेल्शमध्ये आधीच्या शब्दाप्रमाणे पुढच्याचं पहिलं अक्षर फिरतं. 'पॅटागोनिया' शोधलं तर 'बॅटागोनिया', 'म्हॅटागोनिया' आणि 'फॅटागोनिया' लिहिलेल्या बातम्या हातीच लागत नाहीत. चारही रूपं वेगवेगळी टाकून शोधा. दुसरा ताप जोन्स मंडळींचा. मायकेल जोन्स वेगळे आणि जागा बघायला आधी जाऊन आलेले लुईस जोन्स वेगळे. शिवाय लव्ह जोन्स-पॅरी आहेत, रिचर्ड जोन्स बर्विन आहेत. मी वहीत प्रत्येकाला एक पान दिलं, तेव्हा कुठे गुंता सुटला.

वाचता वाचता माझं लक्ष भाषणं आणि ठरावांवरून उडालं आणि पाण्यावर जाऊन बसलं. या खोऱ्यात वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही त्याच्या दुपटीने पडतो. आलेल्यांत शेतकरी थोडे, खाणकामगार आणि कारागीरच बरेच. मायदेशातल्यासारखं पेरायचं आणि पावसाची वाट बघायची, तर तो येईना. पहिली पिकं वाळून गेली. वसाहत मोडून दुसरीकडे जायची भाषा सुरू झाली.

मग १८६७ साल. ॲरन जेन्किन्स आणि त्यांची बायको रेचल यांचं रान नदीलगत होतं. नदी काठोकाठ वाहत होती आणि रानापेक्षा पाण्याची पातळी वर होती. काठ फोडून पाणी रानात घेऊ या, असं रेचलने सुचवलं आणि गहू तरारला, अशी तिकडची आवडती कथा. सगळं श्रेय एकटीचं होतं का, यावर वाद घालणारे आहेत. मला कथा पटते. पिकाला पाणी देताना दारं धरणाऱ्या माणसाला पाणी कुठून कुठे उतरेल हे नुसतं बघून कळतं, त्याला लेव्हलचं यंत्र लागत नाही. पण खरी परीक्षा पुढेच असते. नदी भरलेली असताना कुणीही चर खणून पाणी घेईल. ती उतरली की चर कोरडा. कायमचं पाणी हवं तर बरंच वर जाऊन पाट काढायचा, उतार सांभाळत मैलोन्‌मैल आणायचा, दरवर्षी गाळ काढायचा, पाळ्या ठरवायच्या आणि भांडणं मिटवायची. ही माणसं तिथे टिकली ती या कामामुळे, असं माझं मत झालं. त्यांनी दोन्ही तीरांवर कालवे काढले, गहू बाहेर विकला, आणि १८८६ साली रेल्वेचं काम सुरू झालं तेव्हा त्रेलेव हे गाव उभं राहिलं. लुईस जोन्स यांचंच नाव त्याला दिलंय.

मुलूख 'रिकामा' नव्हताच, हे वर्गात सांगायचं मी आधीच ठरवलं होतं. तिथे तेवेल्चे लोक फिरते राहत. पाव देऊन त्यांच्याकडून मांस घ्यायचं, असा व्यवहार जमला. शिकारही त्यांनीच शिकवली. अर्जेंटिनाच्या सरकारने जमीन दिली त्यात दयाबुद्धी थोडी आणि हिशेब जास्त होता. पॅटागोनियावर हक्क सांगायला तिथे माणसं बसलेली हवी होती. पुढे १८७०-८०च्या दशकांत सैन्याने मूळ रहिवाशांना चिरडलं, हेही याच इतिहासात येतं.

बोलताना माझी वेल्श अडखळत होती, पण प्रश्न चांगले आले. एकाने विचारलं, पाण्याने जगवलं तर पाण्याने मारलं नाही का? मारलं. १८९९च्या पुरात घरं, प्रार्थनामंदिरं आणि कालवे वाहून गेले. १९०२ साली दोनशेहून जास्त माणसं कंटाळून थेट कॅनडात, सॉल्टकोट्सजवळ जाऊन राहिली. नदीवर मोठं धरण व्हायला मात्र १९६३ उजाडलं. दुसऱ्या एका बाईंनी पाण्याच्या पाळ्या कशा लावायचे ते विचारलं, तेव्हा आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी घड्याळ दाखवलं. त्याचं उत्तर मी चहाच्या वेळात दिलं, कागदावर पाट आणि चाऱ्या काढून, आणि निम्मं इंग्रजीत.