त्यानं माझा शब्द न् शब्द सांगितला होता

सोमवार, रात्र

शाळा सुटल्यावर आज बराच वेळ रिकाम्या वर्गात बसून राहिले. गेल्या आठवड्यात माझ्या हातून जे झालं ते लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही.

तिसरीतला मुलगा आहे. नाव लिहीत नाही. अर्धं वर्ष सरल्यावर आला, दाखला नव्हता, आणि ही त्याची चौथी शाळा. पहिले दोन महिने वर्गात अक्षर बोलला नाही. परक्या भाषेत येऊन पडलेलं मूल आधी नुसतं ऐकतं, कधी कधी महिनोन्‌महिने ऐकतच राहतं, हे मला ठाऊक होतं; तरी नोंदवहीत मी ‘प्रतिसाद नाही’ असंच लिहीत गेले. मग एकदा मधल्या सुट्टीत चेंडूवरून भांडताना तो ऐकू आला. आमच्या भाषेत, खणखणीत आवाजात. म्हटलं, बोलता तर येतंय. म्हणजे वर्गातलं गप्प बसणं हा हट्ट.

खेळायची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी, हा फरक कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडला. बोलण्याचालण्यापुरती भाषा मुलं साधारण २ वर्षांत उचलतात. पण शाब्दिक गणित किंवा धड्याचा उतारा सोबतच्या मुलांइतका समजायला ५ ते ७ वर्षंही लागतात. मी हे प्रशिक्षणात शिकले, परीक्षेत लिहिलं, आणि समोर मूल उभं राहिलं तेव्हा विसरले.

तीन आठवडे गृहपाठ कोरा आला, म्हणून आईला बोलावलं. त्यांना आमची भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही. मग मधे त्यालाच उभं केलं. आता लिहिताना हात अडखळतोय. नऊ वर्षांच्या मुलाला मी त्याच्या स्वतःविरुद्धची तक्रार त्याच्याच तोंडून त्याच्या आईला सांगायला लावली. ‘अभ्यास करत नाही. लक्ष नसतं. मुद्दाम गप्प बसतो.’ तो सांगत गेला. आई बराच वेळ काहीतरी बोलल्या. त्यानं मला इतकंच सांगितलं, ‘ती हो म्हणते.’

मला शंका आली. आईंच्या देखत विचारलं, ‘मी बोलले ते सगळं नीट सांगितलंस ना? की गाळलंस?’

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून मी बाकाजवळ गेले की तो वही मिटतो. मैदानावरही मी दिसले की आवाज बंद.

आज दुसऱ्या वर्गातल्या एका पालकांनी मला थांबवलं. त्यांना ती भाषा येते आणि त्या दिवशी त्या दाराशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘बाई, त्यानं तुमचं सगळं सांगितलं. उलट तुमच्यापेक्षा कडक शब्दांत सांगितलं.’ गाळलं होतं ते आईचं उत्तर. आई रात्रपाळीला जातात, तेव्हा धाकट्या भावाला तो सांभाळतो, म्हणून गृहपाठ राहतो. हे बाईंना सांग, असं त्या त्याला म्हणाल्या होत्या.

म्हणजे त्याच्याविरुद्ध जाणारं सगळं त्यानं पोचवलं आणि त्याच्या बाजूचं पोटात ठेवलं. माझी शंका खरी होती, पण किती उलट्या अंगानं खरी!

का ठेवलं असेल? वाटेल त्याला घरचं सांगायचं नसतं, हे वारंवार जागा बदललेली मुलं फार लवकर शिकतात. कुठे राहता, बाबा कुठे असतात, अजून किती दिवस इथे आहात, हे प्रश्न आपण ओळख वाढावी म्हणून विचारतो. ज्या घरात कागदपत्रांची धास्ती असते तिथे ती चौकशी वाटते. चुकीचं उत्तर गेलं तर पुन्हा सामान बांधावं लागेल, एवढं त्या मुलाला कळतं. त्याच्या लेखी मी अजून बाहेरचीच होते. आणि आतली व्हावी असं मी केलं तरी काय? खरं सांगायचं तर, हा वर्षअखेरीला जाणारच, म्हणून मीही थोडं हातचं राखूनच वागत होते.

संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्कांच्या १९८९ च्या करारात, कलम २९ मध्ये, शिक्षणानं मुलाच्या मनात आईवडिलांबद्दल, स्वतःच्या भाषेबद्दल आदर वाढवावा असं म्हटलंय. मी त्याच्या आईला आणि त्याच्या भाषेला, दोघांनाही त्या खोलीत छोटं केलं. शिकागोच्या शाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी २००२ मध्ये लिहिलं की शाळेतला विश्वास रोजच्या साध्या व्यवहारातून घडतो: आदर, आपुलकी, कामाची जाण, बोलल्याप्रमाणे वागणं. मी ते नेहमी ‘पालक माझ्यावर विश्वास का ठेवत नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचत आले. मी कोणावर ठेवते, हे कधी विचारलंच नाही.

शेवटच्या तासानंतर त्याच्याजवळ खाली बसले. सोप्या वाक्यांत म्हटलं, ‘तू खरं सांगितलं होतंस. मी शंका घेतली. माझं चुकलं.’ तो ‘हं’ म्हणाला आणि दप्तर उचलून गेला. वही उघडली नाही. उघडावी म्हणून मी थांबलेही नाही. माफी मागितली म्हणून त्यानं लगेच हसावं, हे ओझं त्याच्यावर टाकायचं नाही.

घरच्या कारणाचा मात्र त्याच्यापाशी उच्चार केला नाही. ते त्यानं मला सांगितलेलं नाही.

उद्या त्याच्या आई येणार आहेत. मधे त्या दुसऱ्या पालक बसतील, त्यांच्याबद्दल आईंची हरकत नाही हे आधी विचारून घेतलंय. तो त्या वेळी खेळायला जाईल. तक्रार एकही नाही, विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवल्यात. पहिली ही, की त्याला घरी कशी हाक मारतात. हजेरीत मी त्याचं नाव घेते तेव्हा तो दर वेळी क्षणभर उशिरा हात वर करतो.