तुम्ही विचारलंत म्हणून: पायाचं सूप आणि गुडघ्याची गादी

"बाई, पायाचं सूप प्यायलं की गुडघ्याची गादी भरून येते का हो?" जीवशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो. गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा. उत्तर आधीच सांगते: तशी ती भरून येत नाही. पण ते सूप नीट बघण्यासारखं आहे.

रात्री फ्रिजमध्ये ठेवलेलं सूप सकाळी थिजतं. थिजवणारं जिलेटिन म्हणजे उकळून पीळ सुटलेलं कोलॅजेन, हाडं-कातडी-कूर्चा बांधून ठेवणारं प्रथिन. मुळात कोलॅजेन तीन पेडांचं. ही रचना १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांनी मांडली. प्रथिनं अमिनो आम्लांच्या मण्यांची बनतात; पेडातलं दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, सगळ्यांत छोटं. पिळाच्या आतल्या बाजूला दुसरं काही मावतच नाही. हे शिकवताना मी वर्गात सुंभाचा तुकडा न्यायची.

गादीत मात्र हा दोर एकटा नसतो. कोलॅजेनच्या जाळीत अॅग्रेकन नावाचे मोठाले रेणू अडकलेले असतात. बाटली धुवायच्या ब्रशसारखे: मधे प्रथिनाची काडी, भोवती साखरेच्या लांब साखळ्या. त्यांच्यावर ऋणभार, म्हणून त्या सोडियम ओढतात आणि सोडियममागोमाग पाणी येतं. असे कितीतरी ब्रश हायलुरोनन नावाच्या, साखरेच्याच एका लांबलचक साखळीला लटकतात. पाणी फुगू पाहतं, जाळी त्याला आवरते, आणि त्या ताणावर आपला भार तोलला जातो. मला शरीरातली ही फार देखणी जागा वाटते. पण तिथे पेशी अगदी विरळ, रक्तवाहिन्या तर नाहीतच. झीज भरायला गवंडी कमी आणि सामान न्यायला रस्ता नाही.

सुपातलं कोलॅजेन आतड्यात अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होऊन रक्तात जातं. त्यावर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो. महागड्या पावडरीचंही तेच. नवा पीळ पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं, तेव्हा सूप आवडत असेल तर जरूर प्या, वाढून घेतल्यावर लिंबू पिळा.

आणि चाला. गादीला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि त्याची ये-जा दाब पडता-सुटताना होते. माझी आई सूप नेमाने प्यायची, पण गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं खुर्चीतून फारशी उठलीच नाही. तेव्हा मी तिला हे समजावून सांगितलं नाही. म्हणून आता कुणीही विचारलं, की पंगतीत बसल्या बसल्या सगळं सांगते.