आईचा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को प्रवास : तासांचा हिशोब असा लावला

ताईचं बाळंतपण जवळ आलं, आईचा व्हिसा झाला आणि तिकिटाचं काम माझ्याकडे आलं. आम्ही दारव्हा तालुक्यातले. आईचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर.

तिकिटावरच्या वेळा वाचून दाखवल्या तर ती म्हणाली, "राती तीनले निघते अन् त्याच दिवशी सकाळी साडेसहाले पोचते? मंग मधातले तास गेले कुठी?"

प्रश्न अगदी रास्त होता. निघायची वेळ दिल्लीच्या घड्याळाची असते, पोचायची तिथल्या. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे तिथे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात झालेले असतात. तीन ते सात, सोळा तास. मी सगळ्या वेळा भारतीय घड्याळात करून मराठीत एका कागदावर लिहिल्या. बीपीच्या गोळीची वेळही डॉक्टरांना विचारून त्यातच टाकली.

अंतराचं कोडं भाच्याच्या शाळेतल्या पृथ्वीगोलावर सुटलं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पार डाव्या टोकाला, म्हणून विमान युरोपवरून जात असेल असं वाटतं. गोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुती दोरा ताणून धरला तर तो सरळ वर चढला, सैबेरियाच्या उत्तर टोकावरून अलास्काकडे उतरला. हे अंतर साधारण 12,400 किलोमीटर. प्रत्यक्षात विमान याच रेषेने जाईल असं नाही. 2016 मध्ये एअर इंडियाने हे उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढली, तरी वेळ जवळपास दोन तासांनी वाचला. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, पॅसिफिकच्या वाटेने विमानही पूर्वेकडेच जातं, म्हणून ते पाठीशी मिळाले. उलट एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि पश्चिमेकडच्या कितीतरी उड्डाणांचे तास वाढले. म्हणून तास जुन्या माहितीवरून धरू नका, आपल्या तारखेचं वेळापत्रकच बघा.

आपल्या भागातल्या माणसाला खरं सांभाळायचं ते विमानाच्या आधीचं. गावाहून यवतमाळ, तिथून नागपूर दीडशेक किलोमीटर, मग दिल्लीचं पावणेदोन तासांचं विमान. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहावं लागतं. नागपूरचं विमान दिल्लीत कोणत्या टर्मिनलला उतरतं तेही पाहा. टर्मिनल 1 आणि 3 एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घेतली, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढायचा सल्ला खूप जणांनी दिला, पण एकट्या निघालेल्या आईसाठी मला तो पटला नाही.

व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागितली. "मले का झालं चाकाच्या खुर्चीत बसाले?" म्हणून आई रुसली. पण इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ती ढकलणारा कर्मचारी सुरक्षा तपासणीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो, हा आधार फार मोठा आहे. हे सांगितल्यावर ती तयार झाली.

घरापासून ताईच्या दारापर्यंत दीड दिवसाच्या आसपास लागतो. परतीचे तास वेगळे असतात, त्यामुळे त्या तिकिटाचा कागद मी वेगळा लिहून आईच्या पर्समध्ये ठेवला आणि एक प्रत ताईला पाठवली.