भिशीचे पंधरा हजार आणि रत्नागिरी

नोव्हेंबरची भिशी बायकोला लागली. दहा जणी, प्रत्येकीचे दीड हजार, म्हणजे पंधरा हजार. दरवर्षी हे पैसे कशात तरी जिरतात. एकदा फ्रीज आला, एकदा गाद्या झाल्या, एकदा भाच्याच्या लग्नातला आहेर. या वेळी तिनं आधीच सांगून टाकलं, "चिऊला समुद्र दाखवायचाय. एवढ्यात बसवा."

चिऊ चौथीत आहे. तिच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तळं. आणि आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं पाणी ही भांड्यात भरून ठेवायची वस्तू आहे असंच तिला वाटतं.

गोव्याला जा, असं गल्लीतल्या निम्म्या लोकांनी सांगितलं. पण पंधरा हजारात चौघं गोव्याला जाऊन काय करणार? रत्नागिरी ठरायला कारण साधंच. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या सोलापुरातनंच जातो. इतकी वर्षं पाटीवर नाव वाचत होतो, म्हटलं एकदा रस्ता शेवटपर्यंत जाऊन बघू. मे महिना मुद्दाम टाळला. सोलापूरचा माणूस उन्हाळ्यात तापला की कोकणाकडं पळतो, पण तेव्हा सगळेच पळतात, खोल्यांचे दर चढलेले असतात आणि हापूसच्या पेट्या समोर दिसत असताना हात आखडता घेता येत नाही. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोमवार ते शुक्रवार जायचं ठरलं. चिऊच्या बाईंना चिठ्ठी दिली.

बायकोनं पाच पाकिटं केली. लग्नात येतात ना, एक रुपया चिकटवलेली, तीच जुनी. प्रवास तीन हजार, मुक्काम साडेचार, जेवण चार, फिरणं दोन. पाचव्या पाकिटात दीड हजार, त्याच्यावर तिनं लिहिलं 'काय सांगावं'. ती म्हणाली, या पाकिटाला हात लावायच्या आधी मला विचारायचं. बाकीच्या पाकिटांनाही विचारूनच हात लावायचा होता, हे मला नंतर कळलं.

प्रवासाचा हिशेब मी केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. रेल्वे सरळ नाही, तेव्हा एसटी. कोल्हापूरला गाडी बदलायची. एका माणसाचं एका बाजूचं तिकीट सगळं मिळून सहाशे वीसच्या आसपास. मी पूर्ण. बायको अर्धी, कारण मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट. चिऊ अर्धी. आणि आई फुकट, पंच्याहत्तरच्या पुढं गेलेल्यांना २०२२ पासून तिकीट नाही. म्हणजे चार माणसं दोन तिकिटांत! जाऊन-येऊन अडीच हजार. वर पाचशे रुपये उरतात, असं मी बायकोला दोनदा ऐकवलं. 'आवडेल तेथे प्रवास'चा पासही बघितला होता. एकट्या माणसानं चार दिवस गाड्या बदलत हुंदडायचं असेल तर तो चांगला. आमच्या सवलतींपुढं तो परवडेना.

सोमवारी सकाळी सहाला गाडी सुटली. मंगळवेढ्याच्या आधीच कंडक्टर आला. त्यानं आईचं आधारकार्ड घेतलं, उलटंपालटं केलं आणि शांतपणे म्हणाला, "चौऱ्याहत्तर भरतंय की ओ."

आई स्वतःला शहात्तरची म्हणते. तिचा जन्म गड्ड्याच्या जत्रेच्या आधी आठ दिवस, असं आजी सांगायची, म्हणजे जानेवारी. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून १९५१ लिहून टाकलं. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरींचा वाढदिवस एक जूनच. दाखल्यावरची तीच तारीख आधारवर आली. आई कंडक्टरला म्हणाली, "बाबा, मी माझ्या पोटच्या पोरापुढं खोटं सांगीन का?" त्यानं हसून अर्धं तिकीट फाडलं. दोनाची अडीच तिकिटं झाली, जाऊन-येऊन एकतीसशे. प्रवासाचं पाकीट सांगोल्याच्या आधीच शंभरानं तुटीत. बायको खिडकीबाहेर डाळिंबाच्या बागा बघत होती, काही बोलली नाही.

कोल्हापूर यायला साडेबारा वाजले. स्टँडवरच शिदोरी सोडली. धपाटे, दही, शेंगाचटणी. मग मलकापूर, आंबा घाट, साखरपा. घाटात चिऊ झोपली आणि आई जागी राहिली, एवढी झाडं कुणाची म्हणून विचारत. रत्नागिरीत उतरलो तेव्हा अंधार पडायला आला होता.

खोली गावात घेतली होती, समुद्रापासून रिक्षानं दहा मिनिटं. समुद्र दिसणाऱ्या खोलीचा दर अठ्ठावीसशे सांगत होते. माझं स्पष्ट मत आहे, रात्री समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि दिवसा आपण खोलीत नसतो. आमची खोली अकराशे, चौथ्या माणसाची गादी धरून. फोनवर अकराशे म्हणाले होते, चार रात्रींचे चव्वेचाळीसशे, पाकिटात बसतात. टॅक्स धरून का, हे विचारायचं राहिलं. सप्टेंबर २०२५ पासून असल्या खोल्यांवर पाच टक्के जीएसटी आहे, आधी बारा होता, तेवढंच समाधान. दोनशे वीस वर गेले. चेहऱ्यावर समाधान ठेवून मी पैसे दिले.

पलंगावर चादर होती आणि कोपऱ्यात 'सोलापुरी' असा शिक्का. आईनं ती दोन बोटांत धरली, उलटी केली, काठ बघितला. वडील मिलमध्ये होते, तिनं आयुष्यभर चादरी हाताळल्यात. "ही आपल्याकडची न्हाई," म्हणाली. घरून आणलेली चादर काढून वर पसरली, मगच आडवी झाली.

चिऊला मात्र आत्ताच्या आत्ता समुद्र बघायचा होता. रिक्षानं मांडवीला गेलो, जाऊन-येऊन दोनशे. काळी वाळू, काळं पाणी, वर काळं आभाळ. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ती पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, हे रात्रभर चालूच असतं का?"

सकाळी नाश्त्याचा घोटाळा झाला. माझी योजना अशी की चारही दिवस नाश्ता घरचा. कडक भाकरी महिनाभर टिकते, सोलापुरात. पन्नास घेतल्या होत्या. रात्री पिशवीची गाठ सैल राहिली आणि मंगळवारी सकाळी भाकरी हातात घेतली तर मऊ कागदासारखी वाकली. तुटेचना. आमच्या कोरड्या हवेतली गोष्ट, खाऱ्या दमट वाऱ्यात तिचं काय चालणार?

आई पिशवी घेऊन सरळ लॉजच्या स्वयंपाकघरात गेली. तिथल्या काकूंनी विचारलं, "आजी, ही भाकरी की पापड?" अर्ध्या तासानं मी बघायला गेलो तर तव्यावर भाकऱ्या परत कडक होत होत्या, काकू शेंगाचटणी चाटून बघत होत्या आणि आईच्या ताटलीत घावणे होते, नारळाच्या चटणीबरोबर. सौदा झाला होता. अर्धा किलो शेंगाचटणी आणि दोन डझन भाकऱ्यांच्या बदल्यात रोज सकाळी चौघांना घावणे. काकूंचं म्हणणं, ज्वारी एवढी पांढरी असते हे माहीत नव्हतं. आई म्हणाली, मंगळवेढ्याची हाय. अख्ख्या सहलीत सगळ्यात स्वस्त काम हेच झालं आणि ते कुठल्याच पाकिटात नव्हतं.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रिक्षा ठरवली, नऊशेला. छोट्या गावात पैसा जातो तो इथं. बघायच्या जागांची तिकिटं किरकोळ, पण एक जागा या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मध्ये चढ. आधी बोलून घेतलं नाही तर प्रत्येक टप्प्याला दीडशे. रत्नदुर्गावर गेलो, भगवतीचं देऊळ, एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला पांढरा. रंग पाण्याचा नाही, वाळूचा. भाट्याच्या पुलावरून काजळी नदी समुद्राला मिळताना बघितली. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघितलं.

थिबा राजवाड्यात मी जास्त रेंगाळलो. ब्रह्मदेशचा हा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडालेहून उचलला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. हा वाडा त्याच्यासाठी झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं तो दुसऱ्यांच्या घरांत होता. डिसेंबर १९१६ मध्ये इथंच वारला. सरकार तनखा द्यायचं, पण राजाच्या सवयी त्यात कशा बसणार? बरोबर आणलेली माणकं एकेक करून विकली. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खाडी दिसते. तो तिथं बसून काय हिशेब करत असेल, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "पाकिटं केली नसतील."

त्याच रात्री आमची माणकं गेली. हॉटेलच्या कार्डावर बांगडा थाळीपुढं दर होता, सुरमईपुढं लिहिलं होतं 'बाजारभावाप्रमाणे'. सोलापूरच्या माणसानं असल्या शब्दाला घाबरायला पाहिजे. मी ऐटीत दोन सुरमई सांगितल्या, मला आणि चिऊला. बायकोला बांगडा, आई माळकरी, तिला साधी थाळी. बिल तेराशे साठ. सुरमई साडेचारशेला एक. जेवणाच्या पाकिटाचा तिसरा हिस्सा एका बैठकीत संपला. चिऊनं अर्धा तुकडा खाल्ला आणि सोलकढी तीन वाट्या प्यायली, ती फुकट होती. आता कळलंय, वेटरला आधी दर विचारायला लाज वाटून घ्यायची नाही. सुरमई एक मागवून दोघांत खावी, पोट बांगड्यानं भरावं. बांगड्याची चव कमी नाही, फक्त काटे जास्त.

बुधवारी गणपतीपुळे. एसटीनं जाऊन-येऊन अगदी स्वस्त पडलं असतं, पण आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता रिक्षानं केला, जाताना सातशे. बायकोनं विचारलं, गरज आहे का? मी म्हटलं, नाही. पण वळण घेऊन गाडी वर आली आणि खाली दोन्ही किनारे एकदम उघडले तेव्हा तिनंच रिक्षा थांबवायला सांगितली. या सातशेबद्दल नंतर एकदाही विषय निघाला नाही. परत येताना एसटी. पुळ्याला देवळामागच्या अख्ख्या टेकडीची प्रदक्षिणा आईनं अनवाणी केली. पाण्यात फक्त घोट्यापर्यंत. तिथं पाणी ओढतं, पाट्या लावलेल्या असतात, तरी लोक पोहायला उतरतातच.

संध्याकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. बाजारभाव म्हणजे काय, ते बघायला. होड्यांतून टोपल्या उतरत होत्या, लिलाव असा भराभर की आकडा कानात शिरेपर्यंत माल उचललेला. आई नाकाला पदर लावून लांब उभी होती. पण एका कोळणीशी तिचं बोलणं सुरू झालंच.

"बारा महिनं असतंय का हे?"

"नाही ओ आजी. एक जून ते एकतीस जुलै बंदी असते. होड्या सगळ्या वर काढतात."

"एक जून," आई म्हणाली. तेवढंच.

गुरुवारी पावसला, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला, एसटीनं. दुपारी खिचडीचा प्रसाद. बायकोला मार्गशीर्षातला गुरुवार, तिनं चार शितं तोंडात टाकली. रात्री घरात मासा नाही, म्हणजे लॉजवर पण नाही. एका उपासानं जेवणाचं पाकीट सावरलं, दीडशे रुपये उरलेही.

शुक्रवारी कोल्हापूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत पाकिटं उघडली. प्रवास शंभरानं, मुक्काम एकशेवीसनं, फिरणं दोनशेच्या वर तुटीत. ती सगळी भोकं 'काय सांगावं'मधून बुजवली. उरलेल्यात आमसुलं, फणसपोळी, कोकम सरबताच्या बाटल्या, भिशीतल्या नऊ जणींसाठी. पाचवं पाकीट झटकलं तर चाळीस रुपये निघाले. त्याचे चौघांनी चहा घेतले, चिऊनं माझ्या कपातला.

आई बराच वेळ गप्प होती. मग पिशवीतून आधारकार्ड काढलं, डोळ्यांजवळ धरून बघितलं.

"एक जूनला मी पंच्याहत्तरची होते न्हवं का?"

"कार्डावर."

"मग तवाच येऊ परत. माझं तिकीट फुकट, आन् तुमची सुरमई बी बंद."