मोरी कुठे आहे?

मे महिन्यातल्या दुपारी गॅलरीत बसून चिकवड्या राखणं हे आमच्या घरात आता फक्त माझंच काम उरलंय. कावळे येत नाहीत. येतात ती कबुतरं, आणि कबुतरांना हाकलण्यात काही राम नाही; फार तर दोन पावलं सरकतात आणि आपल्याकडे बघत बसतात. तर अशीच बसले होते. समोर ठाण्याच्या चरईतलं शेवटचं कौलारू घर पाडायचं काम चाललं होतं. शेवटचं म्हणजे माझ्या गॅलरीतून दिसणारं शेवटचं. कौलं आदल्या दिवशीच उतरली होती आणि एक माणूस उघड्या पडलेल्या तुळयांवर खडूने आकडे घालत होता. १४, १५, १६.

मला एकदम आनंदच झाला. म्हटलं, हे घर कुठेतरी पुन्हा उभं राहणार!

आता असं वाटायला कारण होतं. डिसेंबरात भाचीकडे चेन्नईला गेले होते, तेव्हा तिने दक्षिणचित्र बघायला नेलं. शहराच्या दक्षिणेला, समुद्राकडेने जाणाऱ्या रस्त्यावर, मुट्टुकाडूला. १९९६ साली ते लोकांना खुलं झालं. तिथे काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूंपेक्षा घरंच बघायची. तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र इथली खरी, राहती, जुनी घरं. मालक पाडायला निघालेली. ती घेऊन, नीट उतरवून, लाकूड आणि दारंखिडक्या इथवर आणून कारागिरांनी पुन्हा जोडलेली. चेट्टिनाडचं श्रीमंती घर आहे, अग्रहारातली ब्राह्मणांची घरं आहेत, कोट्टायमकडचं सीरियन ख्रिश्चनांचं लाकडी घर आहे. आणि चक्क इरकलच्या विणकराचं घर आहे.

इरकल! म्हणजे आजीचं लुगडं. त्या घरापुढे मी जरा जास्तच वेळ रेंगाळले. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, असतो आणि तो अंगाच्या ताण्याला दोऱ्याने दोरा अडकवून जोडतात, हे मला माहीत होतं. आजीने एकदा पदर उलटा करून तो सांधा दाखवला होता, आणि मी त्यावरून बोट फिरवलं होतं. भाची म्हणाली, “मावशी, पुढे अजून बरीच घरं आहेत.”

घरांचे ओटे मात्र मी सोडले नाहीत. तिकडे त्याला तिण्णै म्हणतात. जाईन त्या ओट्यावर दोन मिनिटं टेकायचं, हा माझा नेम. शिवाय माझी एक खोड आहे. जुनं घर दिसलं की मी खांब बघत नाही, नक्षी बघत नाही, मी मोरी शोधते. वाडा असो, राजवाडा असो, लोक झुंबराखाली माना वर करून उभे असतात आणि मी मागच्या बाजूला पाणी कुठून जात असेल ते बघत हिंडते. तिथेही एका घरात माजघर झालं, स्वयंपाकघर झालं, धान्याची कोठी झाली, मोरी काही दिसेना. शेवटी तिथल्या मुलाला विचारलं. माझं हिंदी, त्याचं इंग्रजी आणि दोघांचे हातवारे. अंगावर पाणी ओतल्यासारखं करून दाखवलं, तेव्हा त्याला समजलं. अतिशय आदराने तो मला प्रेक्षकांच्या बाथरूमच्या दारापर्यंत सोडून आला.

भाची ती गोष्ट अजून सगळ्यांना सांगते.

आमचं घर खारकर आळीत होतं. आमचं म्हणजे भाड्याचं. दोन खोल्या, पुढे ओटा, वर माळा आणि माणसं नऊ. उन्हाळ्यात पाहुणे धरून बारा-तेरा. मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. शहाबादी फरशी, तिला बाहेरच्या बाजूला उतार, गुडघ्याएवढा कट्टा, एका बाजूला तांब्याचा बंब, खाली राख, आणि पुढे दार नाही तर गोणपाटाचा पडदा. पुढे काकाचं लग्न ठरलं तेव्हा नवी सून येणार म्हणून आजोबांनी तिथे पत्र्याचं दार लावून घेतलं. आतून कडी. घरात एकट्याने आत जाऊन कडी लावता येईल अशी ती एकमेव जागा. त्यामुळे आंघोळीखेरीज तिथे बरंच काय काय व्हायचं. माझा भाऊ दहावीचा निकाल घेऊन आला तो सरळ मोरीत गेला. मी पहिलं पत्र तिथेच वाचलं, बंबाच्या उजेडात, आणि मग त्याच बंबात घातलं. आई कधीकधी भर दुपारी आत जायची. बादलीत पाणी सोडल्याचा आवाज यायचा, बराच वेळ यायचा. बाहेर आली की म्हणायची, धूर लागला डोळ्यांना. दुपारी बंब पेटलेला नसायचा.

कुठल्या तरी म्युझियमवाल्याने ते पत्र्याचं दार ठेवलं असतं असं मला वाटत नाही. पत्र्याच्या दाराला काय बघायचं!

छप्पर मात्र आमचंही त्या घरांच्याच तोलाचं होतं. मंगलोरी कौलं, आतून बघितलं की त्यांवर उमटवलेली इंग्रजी अक्षरं दिसायची. अंथरुणात पडल्या पडल्या मी इंग्रजी वाचायला शिकले ती त्या अक्षरांवर. बासेल मिशन. हे बासेल कुठे आहे विचारलं तर बाबा म्हणाले, स्वित्झर्लंडला. तिथल्या मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, एवढं सगळं त्यांनी सांगितलं असणार, पण मी स्वित्झर्लंडवरच अडकले. आमचं छप्पर स्वित्झर्लंडहून आलंय असं शाळेत सांगून आले. एका मुलीने विचारलं, मग गळतं कसं?

गळायचं खरंच. जिथे गळायचं तिथूनच उन्हाळ्यात कवडसा यायचा. सकाळी तो देवांच्या कोनाड्याखाली असायचा आणि दुपारी पाट्या-वरवंट्यावर. तो उंबऱ्याला पोचला की चहाचं आधण ठेवायचं. घड्याळ होतं, पण ते बाबांच्या किल्लीवर चालायचं आणि बाबांचा किल्लीवर विश्वास नव्हता. कवडशात धुळीचे कण वरखाली करत, त्यात हात घातला की हात दुसऱ्याच कुणाचा वाटायचा. दक्षिणचित्रला एका ओसरीवर अगदी तस्साच कवडसा पडला होता. मी घाईघाईने फोन काढला. फोटोत नुसता पांढरा डाग आला.

परतताना विमानात वाटत राहिलं, आपल्या ठाण्यात असं काही का नसावं? मग एकेक आठवायला लागले, तर आहे की. फक्त तिकीट नाही, आणि घरं जागची हलवलेली नाहीत. टेंभी नाक्याजवळ १८७९ चं सिनेगॉग आहे, अजून प्रार्थना होते. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. आणि ठाण्यात सगळ्यात बंदोबस्तात जपलेली जुनी वास्तू कुठली म्हणाल, तर तुरुंग. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, मराठ्यांनी १७३७ साली घेतला, मग इंग्रजांनी. आणि आज भिंतीच्या आत कैदी. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथूनच १८१६ मध्ये निसटले. बाहेर घोड्याचा मोतद्दार मराठी गाण्यातून त्यांना निरोप सांगायचा आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना वाटायचं, गडी खुशीत आहे! याच तुरुंगात एप्रिल १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. शाळेत असताना त्या भिंतीजवळून जाताना आमचा आवाज आपोआप खाली यायचा. कुणी सांगितलेलं नसायचं.

तर तो आकडे घालणारा माणूस. चिकवड्या कबुतरांवर सोडून मी खाली गेले आणि विचारलं, “हे नंबर कशाला? परत जोडणार का?” तो हसला. म्हणाला, “लाकूडवाल्याचे आहेत. सागवान घनफुटाने जातं ना, मोजताना गोंधळ नको.” मी बरं म्हटलं. करणार काय!

तिथेच ते काका उभे होते, घराचे मालक. आता तात्पुरते घोडबंदर रोडला मुलाकडे असतात, पण रोज रिक्षाने येतात आणि पडणारं घर बघत उभे राहतात. आतल्या भिंती बऱ्याच पडल्या होत्या. ढिगाऱ्यापलीकडे कोपऱ्यात एक चौकोन तेवढा शाबूत होता. गुडघ्याएवढा कट्टा, बाहेरच्या बाजूला उतार. मी काही बोलले नाही.

काका म्हणाले, “वहिनी, तुमच्या गॅलरीतून आमचं घर पूर्ण दिसायचं. एखादा फोटो असेल का हो? आमच्याकडे सगळे आतले आहेत. लग्नातले, मुंजीतले. बाहेरून काढायचं कधी सुचलंच नाही.”

“बघते की,” म्हटलं.

संध्याकाळी चष्मा लावून बसले. फोनमध्ये दक्षिणचित्रचे एकशे बारा फोटो. कोट्टायमचं घर चारही बाजूंनी. एकवीस वर्षं मी रोज सकाळी या घराकडे बघत चहा प्यायले, आणि त्याचा एक फोटो नाही. मग अगदी मागे, चार वर्षांपूर्वीच्या पाडव्याचा एक सापडला. आमची गुढी. तिच्या मागे त्यांचं छप्पर, अर्धी खिडकी आणि दोरीवर वाळत घातलेलं धोतर. पाठवून दिला.

रात्री उशिरा उत्तर आलं. “धोतर वडिलांचं. गुढी जरा डावीकडे असती तर ओटा आला असता.”